अकरा पायऱ्यांचा जिना: घरी केलेल्या एका भयनाट्याचं प्रकरण

घरात पाच माणसं: आई, बाबा, आजी, तेरा वर्षांची ताई आणि आठ वर्षांचा धाकटा. सुट्टीत त्यांनी ऐकायचं एक भयनाट्य केलं. लिहिलं आईने, अभिनय सगळ्यांचा, आवाजांची जुळणी ताईने ऑडॅसिटी या संगणकावरच्या आवाज-संकलनाच्या प्रणालीत केली. बारा मिनिटांचं हे नाटक त्यांनी नातेवाइकांना ऐकवलं, तेव्हा नेमक्या शेवटच्या किंकाळीला सगळे खो खो हसले. मग ती फाइल माझ्याकडे आली. 'काय चुकलं ते सांगा' एवढंच ताईने लिहिलं होतं. मी आवाजांच्या संकलनाचं काम करतो, आणि या कुटुंबाशी ओळख आहे. नावं मुद्दाम देत नाही.

गोष्ट साधी होती. रात्री वीज गेलेली, सगळे खालच्या खोलीत बसलेले, वर कुणीच नाही, आणि जिन्यावरून पावलं उतरत येतात. कल्पनेत खोट काढण्यासारखं काही नव्हतं. ऐकायच्या नाटकाला अंधार फार मानवतो. बीबीसीने जानेवारी 1924 मध्ये रेडिओसाठी खास लिहिलेलं एक नाटक सादर केलं, ते कोळशाच्या खाणीत दिवे गेल्यावर अडकलेल्या माणसांचं होतं. रेडिओनाट्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांतलं ते एक. पात्रांनाही दिसत नाही आणि श्रोत्यालाही दिसत नाही, त्यामुळे दोघं एकाच पातळीवर येतात. या घराने वीज घालवली ती कदाचित सोय म्हणून असेल, पण निवड बरोबर होती.

बिघडलं होतं ते पुढे. पहिल्या संहितेतला हा तुकडा पाहा:

निवेदक: इतक्यात जिन्यावर कुणाची तरी भयंकर पावलं वाजू लागली!
(पावलांचा आवाज)
ताई: आई, ऐकलंस का? जिन्यावर पावलं वाजतायत!
आई: हो गं! आणि ते बघ, दार आपोआप उघडतंय!
(दार करकरतं)

एकच पाऊल तीनदा येतं. आधी निवेदक सांगतो, मग ते वाजतं, मग ताई सांगते. श्रोत्याला स्वतः काही ताडायला जागाच उरत नाही. 'भयंकर' हे विशेषण तर सगळ्यात घातक. पावलं भयंकर आहेत असं सांगून टाकलं की ती तशी वाटण्याची जबाबदारी आवाजावर राहत नाही, आणि आवाज तसा नसला तर हसू येतं. इथे तसा तो नव्हताच. नेटवरून उतरवलेली ती पावलं कडक टाचांच्या बुटांची होती, मोठ्या दगडी दालनात घुमणारी. घर साधं, जिना लाकडी, आणि चालतंय कोण, तर राजवाड्यातला पहारेकरी.

माणसांच्या आवाजाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची होती. प्रत्येकाने आपापल्या वेळेला, आपापल्या फोनवर, वेगळ्या खोलीत संवाद ध्वनिमुद्रित केले होते. आईने कुठेतरी वाचलं होतं की कपड्यांच्या कपाटात तोंड घालून बोललं की घुमारा येत नाही. ते खरं आहे, म्हणून तिचा आवाज कोरडा आणि कानाजवळचा. बाबा रिकाम्या खोलीत बोलले, ते विहिरीतून बोलल्यासारखे. धाकटा खिडकीशी होता, त्याच्या मागे पाखरं. गोष्टीत ही माणसं एका सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. कानाला हे क्षणात कळतं. 'यांच्या खोल्या वेगवेगळ्या आहेत' असा विचार श्रोता करत नाही, त्याला फक्त काहीतरी खोटं चाललंय असं वाटतं. ताईने उपाय म्हणून सगळ्यांवर सारखाच प्रतिध्वनी चढवला होता. त्याने बाबांच्या घुमाऱ्यावर आणखी एक घुमारा बसला, बाकी काही नाही. घुमारा चढवता येतो, चढलेला उतरवणं फार कठीण.

शिवाय फोनच्या बऱ्याच ध्वनिमुद्रण ॲपमध्ये आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त होते. बैठकीची टिपणं घ्यायला ते ठीक, नाटकाला मारक. कुजबूज आणि ओरडणं एकाच पातळीवर येतात, आणि कुणी गप्प बसलं की पार्श्वभूमीची खरखर फुगून वर येते. या नाटकात शांतता अशी नव्हतीच. जिथे ती असायला हवी होती तिथे एक तर खरखर होती, नाहीतर ढगांचा गडगडाट, कोल्हेकुई आणि व्हायोलिनचं संगीत.

मी त्यांना जे सांगितलं त्याचा गाभा एवढाच होता. ऐकणाऱ्याला भीती अनोळखी आवाजाची वाटत नाही. आधी त्याला ते घर कानाने ओळखीचं झालं पाहिजे. मग ओळखीच्या आवाजांत एखादा जिथे नको तिथे आला, किंवा जिथे यायला हवा तिथे आलाच नाही, की काम होतं. आणि घर ओळखीचं करून देण्यात घरच्या माणसांचा हात कोण धरणार? एकमेकांचं बोलणं तोडणं, अर्धं वाक्य सोडून देणं, 'हं' म्हणून टाळणं हे व्यावसायिक नटांना तालमीने साधावं लागतं. यांचं ते रोजचंच. पण पाच जणांना पाच खोल्यांत बसवल्यावर नेमकं तेच गेलं होतं.

जिना बांधला तो असा

नवी संहिता सात मिनिटांची झाली. निवेदक गेला. जिन्याला अकरा पायऱ्या ठरल्या, त्यातली खालून सातवी करकरते. कुणीही वर गेलं की ती वाजते, पण तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. अकरा पायऱ्या उतरून खाली आलं की फरशी लागते, म्हणजे लाकडाचा पोकळ आवाज संपून फरशीचा टणक आवाज येतो. नाटकाच्या पहिल्या चार मिनिटांत बाबा मेणबत्ती शोधायला जाऊन येतात, ताई शाल आणायला जाऊन येते, आणि शेवटी धाकटा चपलेचा दुसरा पाय शोधायला जातो आणि तो न सापडताच परत येतो. आजी बोलते, सगळे बोलतात. म्हटलं तर काहीच घडत नाही.

गंमत अशी की त्या घरात जिनाच नाही. सगळा जिना सामान ठेवायच्या पलंगाच्या फळीवर बांधला. आत पोकळ असल्यामुळे फळीवर पाय टाकला की छान धप येतो. चालणारा जागच्या जागी पावलं टाकायचा आणि ताई माईक हातात धरून एकेका पावलागणिक मागे सरकायची. तेवढ्याने माणूस वर चाललाय असं ऐकू येतं. संकलनात नुसता आवाज बारीक करून हा परिणाम मिळत नाही, आणि त्याला कारण आहे. उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, पण भिंतींवरून परतलेला आवाज बऱ्यापैकी तेवढाच राहतो. या दोहोंच्या प्रमाणावरून कान अंतर ओळखतो. म्हणून 'वरून' येणारी ताईची हाकही तिला खरोखर पलीकडच्या खोलीत पाठवून, दार अर्धवट लोटून घेतली.

करकर एका जुन्या खुर्चीच्या सांध्यातून निघाली. खुर्चीवर बसून अंग हळूच मागे रेललं की ती रडायची. चित्रपटांसाठी असे हाताने केलेले आवाज देणाऱ्या जॅक फोली (1891–1967) यांच्या नावावरून या कामाला आजही फोली म्हणतात, आणि त्यातली पहिली शिकवण हीच की वस्तू कोणती आहे याला महत्त्व नाही, कानाला ती काय वाटते याला आहे. खुर्चीची पायरी झाली म्हणून कुणी तक्रार केली नाही.

आता जी गोष्ट मला या सगळ्यात सर्वात आवडली ती सांगतो. पहिल्या जुळणीत ताईने करकर चढतानाही सातव्या पावलाला ठेवली आणि उतरतानाही सातव्याच. धाकट्याने ऐकलं आणि म्हणाला, "वरून येताना ती पाचवी असणार ना?" अकरातली खालून सातवी म्हणजे वरून पाचवी, बरोबर. ताई म्हणाली कुणाला कळणारे. मी म्हटलं, मोजून कुणालाच कळणार नाही, पण बदल. ती बदलल्यावर जिना खरा झाला. चढण आणि उतरण वेगळी ऐकू यायला लागली.

चपलेची कल्पना आजीची. शेवटची पावलं कुणाची, यावर घरात खल चालला होता. बाबांची घेतली तर ती बाबांचीच वाटायची. आजीने दोन्ही पाय एका पायरीवर टेकवत उतरून दाखवलं, ऐकायला भारी होतं, पण एका पायरीला दोन आवाज झाल्यावर सगळा हिशेब कोलमडला. मग आजी म्हणाली, "पोराची चप्पल वर राहिलीय ना? तीच घालून येऊ दे त्या वरच्याला." म्हणजे धाकटा एका पायात चप्पल घालून चट-धप, चट-धप करत उतरतो, फरशीवर येतो, सगळ्यांत बसतो. आणि थोड्या वेळाने वरून पुन्हा तसंच, चट-धप.

यावर धाकट्याने आणखी एक हट्ट धरला. त्याच्या पायातली चप्पल उजव्या पायाची, मग वर राहिलेली डाव्या पायाची, म्हणून दुसऱ्या वेळी ती डाव्याच पायात हवी. वरवर पाहता ऐकणाऱ्याला उजवं-डावं काय कळणार? पण दोन्ही उतरणी उजव्या पायाने सुरू होतात, आणि पाचवं पाऊल उजवंच पडतं. धाकटा उतरतो तेव्हा पायरी चपलेखाली करकरते. दुसऱ्यांदा ती अनवाणी पायाखाली करकरते. फरक ऐकू येतो! आठ वर्षांच्या मुलाला संवाद पाठ करायला लावण्यापेक्षा असल्या कामाला लावावं, असं माझं तेव्हापासून ठाम मत झालं आहे.

शेवट त्यांनी असा लिहिला:

(वरून पावलं. धप-चट, धप-चट.)
बाबा: आला एकदाचा. सावकाश रे, अंधार आहे.
धाकटा (माईकला अगदी लागून): बाबा, मी इथंय.

यापुढे एकही शब्द नाही. पावलं मात्र थांबत नाहीत. पाचव्या पावलाला करकर. अकरा पायऱ्या होतात. आता फरशी वाजायला हवी, पण बारावं पाऊलही लाकडावरच पडतं. तेरावं, चौदावं. पावलं खाली उतरतच राहतात, जमिनीच्याही खाली.

ताईला इथे आवाज हळूहळू बारीक करत न्यायचा होता. तसं केलं तर कुणीतरी लांब निघून गेल्यासारखं होतं, म्हणजे सुटका होते. त्याऐवजी बाराव्या पावलापासून वरच्या कंप्रता, म्हणजे आवाजातला टोकदार भाग, थोड्या थोड्या छाटत नेल्या. पातळी जवळपास तीच, पण पावलं आपल्या पायाखाली, काहीतरी मध्ये आल्यासारखी. एका पावलाला साधारण दीड सेकंद दिला. कागदावर तो फार वाटतो, ऐकताना कमी पडतो.

ध्वनिमुद्रण

सगळे एकाच खोलीत, जमिनीवर, मध्ये एक माईक. दोन भिंतींना रजया टांगल्या. पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज परत लावायला विसरू नये म्हणून घराच्या किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या, ही ध्वनिमुद्रणवाल्यांची जुनी युक्ती इथेही कामाला आली. पातळी हाताने ठरवलेली, नेहमीचं बोलणं −12 डेसिबलच्या वर जाणार नाही अशी (यंत्राला पेलणारी कमाल पातळी म्हणजे 0). कामाआधी सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसून नुसत्या खोलीचा आवाज टिपला. दोन संवादांमधल्या फटी त्याने भरल्या. कापलेल्या जागी संपूर्ण शून्य ठेवलं की शांतता वाटत नाही, यंत्र बंद पडल्यासारखं वाटतं. घरात सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, पण नाटक बऱ्यापैकी त्यावर उभं आहे.

वाचल्यासारखं बोलणं हा घरगुती नाटकाचा हमखास रोग. आई तर लिहिलेलं वाक्य स्वल्पविरामासकट म्हणायची. त्यावर औषध म्हणजे हाताला काम देणं. धुतलेल्या कपड्यांचा ढीग मध्ये टाकला आणि सगळ्यांना घड्या घालत बोलायला सांगितलं. कागद धरायला हात मोकळा नाही, त्यामुळे वाक्यं आपली आपण मोडून तोंडात बसली, आणि कापडाची सळसळ फुकटात मिळाली. आजीला संवाद लिहूनच दिले नाहीत. काय सांगायचं ते सांगितलं, कसं ते तिच्यावर सोडलं. नाटकातली सर्वोत्तम दोन वाक्यं तिची आहेत आणि ती संहितेत कुठेच नव्हती. एकमेकांवर चढलेले संवाद नंतर सुटे करता येत नाहीत, हा या पद्धतीचा तोटा. कुणी अडखळलं की तो सगळा तुकडा पुन्हा. इथे तो सोसला, आणि सोसावाच असं मी म्हणेन.

कुजबुजीसाठी धाकट्याला माईकच्या वीतभर अंतरावर, पण तोंड किंचित बाजूला करून बसवलं. समोरून बोललं तर 'प', 'फ', 'भ' यांचे फटके बसतात. एका दिशेने ऐकणाऱ्या माईकच्या जवळ गेलं की आवाजातला खर्ज वाढतो, त्यामुळे त्याचं 'मी इथंय' थेट कानात येतं. बाबा नेमके त्याच्या समोर, हातभर लांब. दोन वाक्यांतला हा फरक कुठल्याही गडगडाटापेक्षा जास्त काम करतो.

किंकाळीचं काय? पहिल्या प्रतीतली धाकट्याची किंकाळी म्हणजे लांबवलेला, गुळगुळीत 'आ' होता, गाण्यातल्या सुरासारखा. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की खऱ्या किंकाळीत आवाजाची तीव्रता सेकंदाला 30 ते 150 वेळा थरथरते, आणि हा खरबरीतपणा जितका जास्त तितकी ती ऐकणाऱ्याला जास्त घाबरवते. नेहमीच्या बोलण्यात तो फारसा नसतो. घशाला ताण दिल्याशिवाय तसा आवाज निघत नाही, आणि लहान मुलाकडून तो दहा वेळा काढून घेणं बरं नव्हे. आम्ही किंकाळीच काढून टाकली. शेजाऱ्यांनाही ते बरं पडलं असावं. मोठ्या माणसाची किंकाळी घ्यायचीच असेल तर त्याने माईकपासून दोन पावलं मागे जाऊन तोंड फिरवावं. पातळीच्या माथ्यावर आपटून फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

संगीत काढलं, कोल्हा काढला, वारा फक्त सुरुवातीला ठेवला. उतरवलेल्या आवाजांपैकी तो एकच राहिला, आणि त्याचा परवाना तपासून घेतला. फ्रीसाउंडसारख्या संग्रहात काही आवाज कशालाही वापरता येतात, काहींना श्रेय द्यावं लागतं, काही कमाईसाठी चालत नाहीत. घरच्या घरी ऐकायचं असेल तर अडचण येत नाही. पुढे कुठे टाकायचं मनात असेल तर आवाज उतरवतानाच त्याचा परवाना लिहून ठेवावा, नंतर तो शोधत बसणं महाकर्मकठीण.

ऐकवल्यावर

ऐकवण्याआधीच एक धक्का बसला. ताईच्या हेडफोनवर पावलं जबरदस्त होती, फोनच्या इवल्या स्पीकरवर जवळजवळ नाहीशी. धप हा सगळा खर्ज, आणि तो तिथे वाजतच नाही. मग प्रत्येक पावलाला तळव्याची बारीक घासट जोडली, जी कुठल्याही स्पीकरवर ऐकू येते. एकूण पातळी −16 एलयूएफएसच्या (आवाज कानाला सरासरी किती मोठा वाटतो याचं माप) आसपास बसवली, म्हणजे एखाद्या दणक्याला दचकून कुणी आवाज कमी करणार नाही आणि पुढची कुजबूज हातची जाणार नाही.

पहिल्या वेळी हसलेल्या नातेवाइकांनाच पुन्हा बसवलं. मुलं 'मी इथंय' ला गप्प झाली ती शेवटपर्यंत. मोठ्यांपैकी काहींना पावलं जमिनीखाली गेली हे कळलंच नाही. 'लांबलं जरा' असं एक काका म्हणाले. यावर बाबांची सूचना आली की एक वाक्य घालू या, 'अरे, पायऱ्या तर संपल्या!' आईला ते पटत होतं. मी विरोध केला, आणि अजूनही करीन. ते वाक्य म्हणजे मागच्या दाराने परत आलेला निवेदक. काकांना कळावं म्हणून ज्यांना आपलं आपण कळलं त्यांच्या हातून ते काढून घ्यायचं, हा सौदा वाईट. शेवटी तडजोड दुसरीकडे निघाली. सुरुवातीच्या तिन्ही उतरणींतला फरशीचा आवाज थोडा ठळक केला, आणि बाबा परत येताना त्यांच्या तोंडी 'फरशी काय गार पडलीय' हे वाक्य आलं. त्यानंतर ऐकणाऱ्यांत 'लांबलं' म्हणणारे कमी झाले, संपले नाहीत.

धाकट्याबद्दल आईला काळजी होती. ज्याने पावलं स्वतः वाजवली त्याला त्यांची भीती वाटली नाही. उलट पाहुण्यांना तो पलंगाची फळी दाखवत सुटला. पण तयार नाटक अंधारात ऐकायला त्याने नकार दिला, आणि कुणी आग्रह केला नाही. भयनाट्यात लहान मूल घ्यायचं तर ध्वनिमुद्रण दिवसा करावं, आवाज कसा निघतो ते त्याला आधी दाखवावं, आणि ऐकायचं की नाही ते त्याच्यावर सोपवावं. आमच्या बाबतीत दिवसामुळे पाखरं आणि रस्ता आड आले, खिडक्या लावून घ्याव्या लागल्या, सगळे घामाघूम झाले. तरी रात्रीपेक्षा तेच बरं.

एक दोष अजून तसाच आहे. खुर्चीची करकर ताईने एकदाच टिपली आणि सगळीकडे तीच चिकटवली. तिसऱ्या-चौथ्या वेळी कान ती ओळखतो. खरी पायरी दर वेळी थोडी वेगळी बोलते, वजन कुणाचं आहे त्यावर. बाबांसाठी वेगळी, ताईसाठी वेगळी अशी पाच-सहा प्रकारची करकर टिपून ठेवायला हवी होती. मी तसं कळवल्यावर ताईचं उत्तर आलं: खुर्ची बाबांनी मध्यंतरी दुरुस्त करून आणली. आता ती दुसरी खुर्ची शोधतेय.